तीन किलोत दोघांचा समुद्र

काटा : १८० ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. त्याआधी मी एक जुनी पँट होते. म्हणजे मी दोनदा जुनी झाले आहे. तरीही आज मी समुद्राच्या मधोमध, एका जहाजाच्या खोलीत खुंटीला लटकते आहे आणि मला इतका आनंद झाला आहे की गोष्ट कुठून सुरू करावी तेच सुचत नाही.

म्हणून मी वजनावरून सांगते. पिशवीला तेवढंच नीट आठवतं.

पँट असताना मी जोतीरामांच्या अंगावर होते. जोतीराम वाशीच्या बाजारात, कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. गाव साताऱ्याकडचं, खोली घणसोलीची. पहाटे गाड्या लागल्या की पाठ वाकवायची आणि पोती वाहायची. कांद्याची साल माझ्या खिशात जाई, बटाट्याची माती माझ्या गुडघ्यावर बसे. आठ वर्षांनी मी दोन्ही गुडघ्यांत फाटले. तेव्हा त्यांच्या बायकोनं, राजाबाईनं, माझा वरचा भाग कापला, शिलाई मशीनवर चार रेघा मारल्या, उरलेल्या पायाचे दोन बंद केले आणि माझाच मागचा खिसा माझ्या पोटात आतून शिवला.

मी पुन्हा बाजारात जाऊ लागले. आता अंगावर नाही, हातात. डबा, पाण्याची बाटली, घरी येताना दोन किलो कांदे. "वहिनींनी काय शिवलीय बघ, ह्यात पोतं मावंल," असं जोतीरामांचे जोडीदार धनाजी म्हणायचे. माझ्या आयुष्यातली ती एवढीच स्तुती. मी ती अजून जपून ठेवली आहे.

एक गोष्ट बाजारातली सांगून ठेवते, पुढं लागेल. पोतं कोणी एकटा पाठीवर घेत नाही. ज्याला न्यायचं असतं तो पाठ वाकवून उभा राहतो आणि ओरडतो, "लाव रे हात!" मग दोघं जण पोतं उचलून त्याच्या पाठीवर ठेवतात. दिवसभर ही हाक चालू असते. तिच्यात कुणाला काही वाटत नाही.

काटा : लावला नाही

मग जोतीरामांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. कधीच."

बाजार सुटला. मीही सुटले. दाराच्या मागच्या खिळ्यावर मला टांगलं आणि माझ्या पोटात दुसऱ्या पिशव्या कोंबल्या. दुधाच्या, औषधांच्या, मिठाईच्या दुकानाच्या. मित्रांनो, पिशवीला रिकामं राहण्याचं दुःख नसतं. पिशव्यांची पिशवी होण्याचं असतं.

दोन वर्षं गेली.

काटा : २ किलो ९०० ग्रॅम

हे वजन माझं नाही. हे तिचं.

मुलगी उज्वला एका रविवारी धावतच घरात आली. नवरा उदयसिंह आणि नऊ वर्षांची जाई मागं होतीच. "आई, अण्णा, तिकिटं काढली! जहाज! मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं, परत यायचं. तीन रात्री!"

राजाबाईच्या हातातली परात खाली गेली. मित्रांनो, ही बाई माणदेशातली. तिकडं पाणी विहिरीच्या तळाशी असतं. लग्न होऊन घणसोलीत आली तेव्हा गच्चीवरून तिला खाडी दाखवली होती. ती म्हणाली होती, "ह्येला तर पलीकडं काठ दिसतोय. मला काठ नसल्यालं पाणी बघायचंय." त्याला आता पस्तीस वर्षं झाली.

उज्वलानं दोघांसाठी एक नवी, चाकांची, लाल बॅगही आणली होती. जोतीराम तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ही बोटीवर कोण चढवणार?"

"आपण नाहीच चढवायची, अण्णा. बंदरावर पोर्टर असतात. चिठ्ठी लावून घेऊन जातात, संध्याकाळी आपल्या खोलीत येते."

जोतीराम खाली बसले. "मग मी न्हाई येत."

"का?"

"चाळीस वर्षं लोकांची ओझी वाहिली. माझं ओझं कुणी न्हेलं न्हाई. आता दुसऱ्या हमालाच्या पाठीवर माझं सामान ठिवू? माझं मी न्हेईन. न्हाई न्हेता आलं, तर तुम्ही जावा."

"मामा, टेन्शन काय घेताय? चाकं आहेत तिला," उदयसिंह म्हणाले.

"पाव्हणं, जिन्याला चाक चालत न्हाई."

 नवऱ्याशिवाय राजाबाई जाणार नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी उदयसिंहांकडून सामान तोलायचा हुकाचा काटा मागून घेतला आणि लाल बॅग रिकामीच त्याला अडकवली.

दोन किलो नऊशे.

"म्हंजी नुसती ही मोकळी बॅग उचलायची तुमाला परवानगी," राजाबाई म्हणाल्या. "आत शंभर ग्रॅम. त्यात काय घालू? तुमची टोपी?"

जाई खो खो हसली. राजाबाईंची नजर मात्र घरभर फिरू लागली आणि दारामागं येऊन थांबली.

माझ्या पोटातून एक एक करून सगळ्या पिशव्या बाहेर पडल्या. मला धुतलं. गच्चीवर वाळत घातलं. उन्हात मी खाडीकडं बघत होते आणि माझ्या शिवणी अक्षरशः थरथरत होत्या.

काटा : ७ किलो २००
काटा : ५ किलो १००
काटा : ३ किलो ६००

हे तीन आकडे म्हणजे तीन दिवस.

गेलं : दोन टॉवेल (जहाजावर देतात). साबण (देतात). चादर ("आई, बोटीत चादर असते गं!"). काठाची साडी, जिच्यासाठी राजाबाई एक पूर्ण संध्याकाळ बोलल्या नाहीत. जोतीरामांची जास्तीची चप्पल. तांब्या.

राहिलं : एक अंगावर, एक पिशवीत, दोघांचंही. गोळ्या. कंगवा. कुंकवाची डबी. आणि एक बारीक दोरी व चार चिमटे, कारण रोज रात्री धुवायचं आणि सकाळी वाळलेलं घालायचं असा राजाबाईंचा बेत होता.

मला प्रत्येक वस्तू निघताना आनंद व्हायचा. तुम्ही म्हणाल, पिशवीला भरल्याचा आनंद व्हावा. पण मला माहीत होतं, मी हलकी झाले तरच जाणार.

चौथ्या दिवशी राजाबाईंनी मला काट्याला लावलं आणि ओरडल्या, "दोन नव्वद! बघा! दोन किलो नव्वद!"

जोतीराम पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "गुडघा काढ."

"कुठला गुडघा?"

"पिशवीखाली लावलाय त्यो. बाजारात जल्म गेलाय माझा. असलं काटं मारणारी लई बघितली."

राजाबाईंनी गुडघा काढला. तीन किलो चारशे. त्या हसत सुटल्या, मग जोतीरामही. शेवटी एक स्टीलची डबी बाहेर आली. शेंगदाण्याची चटणी.

"खाण्याचं आत नेऊ देत नाहीत, आई," उज्वलानं आधीच बजावलं होतं.

काटा : ३ किलो

बरोबर तीन. ना एक ग्रॅम जास्त, ना कमी. जोतीरामांनी मला उचललं, खांद्याला अडकवलं आणि खोलीतल्या खोलीत चार येरझाऱ्या घातल्या. मग राजाबाईंना म्हणाले, "चल."

एवढंच. पण दोन वर्षांनी त्यांच्या खांद्यावर मी होते. आम्ही दोघंही जरा ताठ झालो.

काटा : बंद. पुढचं सगळं अंदाजानं

आता मित्रांनो, नीट ऐका. कारण पुढं जे झालं ते कुणी मुद्दाम केलं नाही.

निघायच्या सकाळी मी दाराजवळच्या खुर्चीत ठेवलेली होते. जाई आली. तिच्या बॅगेची चेन लागत नव्हती. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं. "आजोबांच्या पिशवीत किती जागा आहे!" पोहण्याचा चष्मा आला. एक जाडजूड गोष्टींचं पुस्तक आलं.

गाडीत उज्वलानं मला मांडीवर घेतलं. उन्हाचं क्रीम, तोंडाला लावायचं क्रीम, केसांचा ब्रश आला. "अण्णा, जरा हे ठेवते हं, हलकीच आहे तुमची."

वाशीचा पूल ओलांडताना एक लिटरची पाण्याची बाटली आली. बंदरावर मोठ्या बॅगा देऊन टाकल्यावर उदयसिंहांना आठवलं की फोनच्या चार्जिंगचा ठोकळा हातातच राहिलाय. तोही आला.

मी ओरडत होते. पण पिशवीचं ओरडणं म्हणजे बंद ताणणं. ते कुणाला ऐकू जातं?

एकाला गेलं. जोतीरामांच्या खांद्याला. चाळीस वर्षं वजन वाहिलेला खांदा तो. मला घेताक्षणी त्यांना कळलं की हे दुप्पट आहे. मला जाणवलं, त्यांचा श्वास एकदा अडला. त्यांनी माझ्या तोंडातून वर आलेलं जाईचं पुस्तक पाहिलं, जाईकडं पाहिलं. ती टाचांवर उड्या मारत होती. त्यांनी माझा बंद खांद्यावर नीट सरकवला. कोणत्या तोंडानं बोलणार? "माझं मी न्हेईन" असं तेच म्हणाले होते.

रांगेत उभं असताना ते पोर्टरांना बघत होते. "कमरंतनं वाकतोय. गुडघ्यातनं वाक, बाबा," असं एकाला पाहून पुटपुटले.

तपासणीच्या यंत्रातून मी गेले. तिथल्या बाईंनी माझ्या तळातून एक वस्तू काढली, हुंगली, राजाबाईंकडं पाहिलं.

"मावशी, हे काय?"

"औषध हाय," राजाबाई हळूच म्हणाल्या.

बाई हसल्या आणि वस्तू परत ठेवली. ती काय होती ते मागाहून सांगते.

मग जहाज दिसलं. मित्रांनो, घणसोलीच्या नव्या टॉवरला आडवं पाडून पाण्यात सोडलं तर कसं दिसेल, तसं. पांढरं, लखलखीत. राजाबाईंनी तोंडावर पदर धरला. जाईनं किंकाळी फोडली. माझा एकेक धागा आनंदानं उभा राहिला होता.

जहाजावर चढायला एक लांब, चढती शिडी होती, दोन्ही बाजूंनी कठडा असलेली. पंधरा पायऱ्या गेल्या. वीस. आणि मधोमध जोतीराम थांबले.

पाठ धरली होती.

त्यांनी एका हातानं कठडा घट्ट धरला. कपाळावर घाम. मागं माणसं खोळंबली. वरून जहाजाचा एक गणवेशातला माणूस उतरू लागला. "सर, बॅग द्या, मी घेतो."

"न्हाई," जोतीराम म्हणाले. मग राजाबाईंकडं न बघता, "तू जा वर. मी हितनंच माघारी जातो. मला जमंना."

"अण्णा, द्या ना ती इकडं!" उज्वला रडकुंडीला आली.

"म्हणालो होतो की. मला न्हेता आलं तरच."

मी त्यांच्या खांद्याला लोंबकळत होते. मला वाटलं, माझा बंद आत्ताच्या आत्ता तुटावा आणि मी पाण्यात पडावं. पण राजाबाईंची शिवण. ती कुठली तुटते?

राजाबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या. त्यांनी पदर खोचला.

"आवं, एक इचारू? चाळीस वर्षांत एक तरी पोतं तुमी एकट्यानं पाठीवर घेतलंसा?"



"धनाजीभावजी कोण हुते मग? रोज त्यास्नी हाक द्यायचा तुमी. घरी झोपंत सुद्धा वरडायचा तुमी, शेजारी जागी व्हायची. तवा लाज वाटली न्हाई. आज का वाटती?"

 जोतीराम खाली पाण्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी हळूहळू गुडघ्यातून वाकून पाठ पुढं केली, अगदी बाजारात करायचे तशी. आणि त्यांच्या छातीतून असा आवाज निघाला की वरचा गणवेशवाला दचकला.

"लाव रे हात!"

पहिला हात जाईचा आला. तिनं माझा एक बंद धरला. दुसरा राजाबाईंचा. उदयसिंहांनी माझं बूड उचललं. मागून एक अनोळखी काका म्हणाले, "थांबा, मीपण," आणि त्यांनी जोतीरामांच्या कमरेला आधार दिला. पिशवी एक आणि हात लावणारे चार! मी शिडीवरून वरात निघावी तशी वर गेले. जोतीराम मध्ये होते आणि हसत होते. घामानं भिजलेले, पण हसत.

काटा : नको

खोलीत गेल्यावर मला पलंगावर उपडं केलं. चष्मा, पुस्तक, क्रीम, ब्रश, बाटली, ठोकळा. प्रत्येकजण आपापली वस्तू उचलून मान खाली घालत होता.

"सॉरी, आजोबा," जाई म्हणाली. "तुमची हलकी होती ना, म्हणून."

"सगळ्यांनी केलंय ते," उदयसिंह म्हणाले. "आईंनी सोडून."

तेवढ्यात साडीच्या घडीतून ती घरंगळली. स्टीलची डबी. जोतीरामांनी उचलली, हातावर तोलली. "चारशे ग्रॅम."

"औषध हाय," राजाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मोठ्या बॅगा अजून यायच्या होत्या. उज्वला आणि उदयसिंह सकाळच्याच कपड्यांत दारात वाट बघत बसले होते. जोतीराम आणि राजाबाई मात्र आंघोळ करून, आपला दुसरा आणि शेवटचा जोड घालून वरच्या मजल्यावर गेले. मला रिकामीच बरोबर नेलं, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भोंगा वाजला. मुंबई मागं मागं गेली, बारीक झाली, मग नाहीशी झाली.

राजाबाई कठड्याशी उभ्या होत्या. पुढं पाहिलं. डावीकडं. उजवीकडं. मग पूर्ण वळून मागं.

"आवं," त्या म्हणाल्या, "काठ कुठंच न्हाई."

जोतीराम म्हणाले, "हात धर."

त्यांनी धरला.

मित्रांनो, माझं एक ऐका. जुनी पँट फाटली तर फेकू नका, तिच्यात एक चांगली पिशवी असते. सहलीला जाल तेव्हा थोडं न्या, दोन जोड पुरतात, दोरी आणि चिमटे मात्र विसरू नका. आणि घरात कुणाची हलकी पिशवी दिसली, तर तीत आपलं काही टाकण्याआधी जरा थांबा. ती हलकी का आहे ते विचारा. मग जवळ जा आणि तिच्या बंदाला हात लावा.