ओधवजी हरायला बसतो

श्रावण लागला की जामनगरात पत्ते इतके पिसले जातात, की त्या वाऱ्याने ओट्यांवरची ओली धोतरं वाळतात असं सांगणारी माणसं अजून हयात आहेत. सातम-आठमचे, म्हणजे गोकुळाष्टमीचे दिवस. देवळात पाळणा, घरात आदल्या दिवशीचं थंड जेवण आणि ओट्यावर तीन पत्ती. त्या दिवसांत ज्याला पत्ते पिसता यायचे नाहीत त्याची सोयरीक जमायला दोन वर्षं जास्त लागायची, आणि जमली तरी मुलीचा मामा तोंड वाकडं करून बसायचा.

अशा गावात जन्मून ओधवजी नंदा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नव्याने पत्ते शिकायला न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. चाळीस वर्षं पितळेच्या कारखान्यात स्क्रू कातलेला माणूस. बोटं अशी राठ झालेली, की फोनच्या काचेला ती आपली वाटायचीच नाहीत. एका जागी दाबलं तर तिसरंच काहीतरी उघडायचं.

शिकवणारा प्रागजी हज्जाम. त्याच्या वस्तऱ्याची धार अशी, की गालाला टेकवायच्या आधीच निम्मी दाढी घाबरून गळून पडे. उरलेल्या वेळात तो फोनवर पोकर खेळायचा, फुकटच्या चकत्यांवर. चकत्या संपल्या की यंत्र आणखी देतं, त्याला हात जोडावे लागत नाहीत.

"काका, यात हातात दोनच पानं," प्रागजी म्हणाला. "मधे पाच उघडी पडतात, ती सगळ्यांची. या सातांतून चांगली पाच धरायची."

"सगळ्यांची म्हणजे? समोरच्याचीही आणि माझीही?"

"दोघांचीही."

"चला," ओधवजी म्हणाला. "काहीतरी सामाईक राहिलं म्हणायचं."

प्रागजीने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. "आता तुमचं ब्लाइंड आहे."

ओधवजीने खांद्यावरचा टॉवेल ओढून फोनवर टाकला.

"हे काय?"

"ब्लाइंड म्हणालास ना. पानं न बघता खेळायचं. जन्मभर तेच केलं मी."

"तीन पत्तीतलं नाही हो. इथे ब्लाइंड म्हणजे पानं वाटायच्या आधी टाकायची चिल्लर. आळीपाळीने टाकायची. एकदा तुमची छोटी, एकदा त्याची. पानं बघायची असतात, टॉवेल काढा."

टॉवेल काढला, तर खाली तीन सत्ते जमले होते. ओधवजी खुर्चीत ताठ झाला. तीन सारखी पानं म्हणजे ट्रेल, तीन पत्तीत तिच्यावर देवसुद्धा नाही. त्याने होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या पुढे सारल्या. कुठल्याशा ब्राझीलच्या माणसाने पाच इस्पिकं दाखवली आणि सगळा ढीग त्याच्याकडे निघून गेला.

"ट्रेल हरली?"

"इथे एका रंगाची पाच पानं तिच्यावर असतात."

"हा कसला अधर्म," ओधवजी म्हणाला. पण उठला नाही. "पुन्हा दाखव. पहिल्यापासून."

कारण शिकायचं होतं ते ब्राझीलसाठी नव्हे. लग्नाच्या हंगामात वशरामचा पुतण्या इंग्लंडातल्या लेस्टरहून आला होता आणि दाढी करता करता प्रागजीपाशी बोलून गेला होता. काका रोज सकाळी संगणकावर पत्त्यांपुढे बसतात. नवशिक्यांच्या फुकट टेबलावर, दोनच खुर्च्यांच्या. नाव ठेवलंय 'वशराम जामनगरी'. तिकडचे साडेदहा म्हणजे इकडचे दुपारचे तीन.

वशराम आणि ओधवजी एकाच ओट्यावर मोठे झाले होते. पन्नास श्रावण समोरासमोर बसून खेळले. अकरा वर्षांपूर्वीच्या सातमला पत्त्यांच्या कॅटमधली चौकटची राणी नाहीशी झाली, आणि सकाळपासून हरत असलेला ओधवजी चाळीस माणसांसमोर म्हणाला, "वशराम, खिसा दाखव." वशरामने खिसा दाखवला नाही. त्याने शर्टच काढला, उलटा करून झटकला, घडी घालून ओधवजीच्या पुढ्यात ठेवला आणि बनियनवर घरी गेला. मग दिवाळीच्या आत मुलाकडे लेस्टरला.

पाच वर्षांनी पिंजारी आला, त्याने गादी उसवली, आणि कापसातून राणी निघाली. ती ओधवजीचीच ओट्यावरची गादी होती, आणि ज्या जागी त्याची मांडी असायची तिथेच राणी शिवणीतून आत शिरली होती.

"फोन करा," त्या दिवशी त्याची बायको म्हणाली होती. तिचं नाव कडवीबेन. दृष्ट लागू नये म्हणून आईबापांनी असं कडू नाव ठेवलं आणि जिभेने ते मनावर घेतलं.

फोन झाला नाही. त्यालाही सहा वर्षं गेली. फोनवर माणूस 'हॅलो' म्हणतो आणि मग आपल्यालाच बोलावं लागतं. हातात पत्ते असले तर नजर खाली ठेवून बोलता येतं.

पंधरा दिवसांनी प्रागजीने त्याला पास केलं, म्हणजे कंटाळून हात टेकले. यंत्रात नाव घालताना 'ओधवजी' कुणीतरी आधीच घेऊन बसलं होतं. जगात आणखी एक ओधवजी असावा याचं त्याला दोन दिवस वाईट वाटलं. शेवटी 'कडवी' नाव मोकळं मिळालं.

"माझ्या नावाने जुगार?" कडवीबेन म्हणाली.

"फुकटचा आहे."

"माझ्या नावाचं सगळं फुकटच असतं या घरात."

तीन वाजता ओधवजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फोनपुढे बसला. हिरवं टेबल, दोन खुर्च्या. समोरच्या खुर्चीवर नाव होतं: वशराम जामनगरी. ओधवजीने हात जोडले. मग कुणी बघितलं का ते बघितलं.

पानं आली. ओधवजीने चाल केली. वशरामच्या नावाभोवती घड्याळाची हिरवी रेघ फिरू लागली, आखूड झाली, तांबडी झाली, संपली. वशरामची पानं सरकून गेली. ढीग ओधवजीकडे.

पुन्हा पानं. पुन्हा चाल. पुन्हा ती रेघ शेवटच्या कणापर्यंत, आणि पानं फेकलेली. पाच वाजेपर्यंत असंच. वशरामपुढच्या चकत्या कमी होत गेल्या आणि एकही पान त्याने दाखवलं नाही.

"ओळखलं त्याने," ओधवजी म्हणाला. "तुझं नाव बघून ओळखलं. पानं फेकतोय माझ्या तोंडावर. खेळणंसुद्धा नको त्याला माझ्याशी."

"उठून तर नाही ना गेला?"

"नाही. बसून फेकतोय."

"मग बसा तुम्हीही. चाळीस माणसांत बनियनवर उभं केलंत त्याला, दोन दिवस पानं फेकली तर काय झालं?"

टेबलाच्या कोपऱ्यात लिहून बोलायची जागा होती. ओधवजीला लिहिता येईना, पण बोललं तर फोन आपणच लिहितो हे प्रागजीने दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने घसा साफ केला आणि बोलला. फोनने इमानदारीने सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं: 'वशराम मी ओधव कसा आहेस तिसरी शिटी झाली गॅस बंद करा बहिरे झालात का.'

उत्तर आलं नाही. रेघ फिरली, पानं गेली.

"निदान गॅसचं वाचून तरी हसायला हवं होतं त्याने," ओधवजी म्हणाला. पूर्वी वशराम कशालाही हसायचा. एकदा सरणावरच्या मामाकडे बघून हसला होता, आणि मामा उठून बसून 'काय झालं' विचारतो की काय असं सगळ्यांना वाटलं होतं.

तिसरा दिवसही तसाच गेला. चौथ्या दिवशी तीनला पाच कमी असताना कडवीबेनने पंखा बंद केला, कुकर उतरवला, कुत्र्याला भाकरी टाकून गल्लीच्या टोकाला नेऊन बसवलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

"आता फक्त तुमचाच आवाज आहे," ती दारातून म्हणाली. "काय लिहायचं ते लिहू द्या फोनला."

ओधवजी बोलला. थांबत थांबत बोलला, म्हणून फोनने ते तुकड्यातुकड्याने पाठवलं.

'वशराम. राणी सापडली. माझ्याच गादीत होती. सहा वर्षं झाली सापडून.'

मग: 'तू शर्ट काढत होतास तेव्हा मी थांब म्हणू शकलो असतो.'

रेघ दोनदा फिरून संपली. मग: 'तू घेतली नाहीस हे मला तेव्हाच माहीत होतं. मी हरत होतो म्हणून बोललो.'

हे शेवटचं त्याने कडवीबेनलाही कधी सांगितलं नव्हतं. दाराबाहेर तिची पाठ तशीच होती.

कोपऱ्यात अक्षरं उमटली. 'जय श्रीकृष्ण. मी हेमाली, पप्पांची सून. आपण ओधवकाका का?'

'हो.'

'इतके दिवस मी इकडे लक्षच दिलं नाही काका, माफ करा. मी बाजूला बसून माझं काम करते. पप्पांना दोन वर्षांपासून काही आठवत नाही. आम्हालाही ओळखत नाहीत. पानं हलताना बघायला आवडतात म्हणून सकाळी इथे बसवते. ते बटण दाबत नाहीत. वेळ संपली की पानं आपोआप जातात. कुणी आहे का असं यंत्र विचारतं, तेव्हा आहे म्हणून मी दाबते.'

ओधवजीने ते दोनदा वाचलं. मग विचारलं, 'मी लिहिलेलं त्याला वाचून दाखवशील, बेटा?'

'दाखवलं.'

'काय म्हणाला?'

'म्हणाले, कुणाची राणी?'

ओधवजीने फोन मांडीवर ठेवला. पुन्हा उचलला. हेमाली लिहीतच होती. 'मनाला लावून घेऊ नका काका. त्यांना भांडण आठवतच नाही.' आणि थोड्या वेळाने, जणू लिहावं की नाही असं करून: 'एक विचारू? पप्पा इकडे आल्यापासून खिसा असलेला शर्ट घालत नाहीत. नवा आणला की आधी खिसा उसवून मागायचे. आम्हाला वाटायचं, सवय असेल. आता नावं गेली, घर कुठलं ते गेलं, पण शर्ट घातला की अजून हात छातीवर फिरवून बघतात, खिसा नाही ना म्हणून. ते या राणीमुळेच का?'

ओधवजीने 'हो' म्हटलं. फोनला ते ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

कडवीबेन आत आली, तिने उभ्याउभ्याच सगळं वाचलं. एवढी पन्नास वर्षांची जीभ, पण त्या दिवशी तिने फक्त पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी सातम. ओधवजी सकाळीच प्रागजीकडे गेला. दाढी करायची नव्हती.

"बटण न दाबणाऱ्या माणसाकडून हरायचं कसं?"

प्रागजीने वस्तरा खाली ठेवला. "हरायचं?"

"चार दिवस मी त्याच्या चकत्या ओढून घेतोय, समोर कोण आहे ते न बघता. त्या परत द्यायच्या आहेत. सगळ्या. माझ्या धरून."

प्रागजीने फोन घेतला, कपाळाला आठ्या घालून हिशेब केला. "तुम्ही चाल केली की त्यांची वेळ संपणार आणि ढीग तुमचाच. म्हणून चाल करायची नाही. तुमची पाळी आधी असेल तेव्हा पानं टाकून द्या. तुमची चिल्लर त्यांच्याकडे जाईल."

"बरं. असंच करत राहीन."

"पण पुढच्या डावात त्यांची पाळी आधी येते. त्यांचं घड्याळ संपलं की तेवढीच चिल्लर तुमच्याकडे परत."

"तेवढीच?"

"तेवढीच."

"म्हणजे मला त्याला काही देताच येत नाही?"

"ते खेळत असते तर आलं असतं, काका," प्रागजी म्हणाला, आणि उगाचच टॉवेल झटकू लागला.

तीन वाजता ओधवजी बसला. गल्लीतल्या ओट्यांवर पत्त्यांचा आवाज होता, कुणीतरी कुणाला तरी लबाड म्हणत होतं आणि सगळे हसत होते. कडवीबेन कालची थंड पुरी आणि दही ठेवून शेजारीच बसली. कोपऱ्यात हेमालीने लिहिलं होतं, 'पप्पा बसलेत काका.'

पहिल्याच डावात ओधवजीला दोन एक्के आले.

"हे चांगले ना?" कडवीबेनने विचारलं.

"यांच्याहून चांगली दोन पानं नाहीत."

त्याने ते टाकले. चिल्लर टेबलावरून घसरत वशरामकडे गेली. पुढची पानं वाटली गेली, वशरामच्या नावाभोवती रेघ फिरली, आखूड झाली, तांबडी झाली, संपली, आणि चिल्लर परत आली.