शेपटीवाली पेज

सत्यवतीने वाडग्यातला एक दाणा बोटावर घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सुनेला हाक मारली.

"पल्लवी, हेका शेपटी आसा गो!"

"शेपटी कसली आई, किन्वा शिजला की असाच सुटतो."

"आता ह्यो दाणो चलाक लागतलो!"

पल्लवी हसली. डॉक्टरांनी सत्यवतीला साखरेचा आजार सांगून उकड्या तांदळाची पेज बंद केली, तेव्हा निखिलने आईसाठी म्हापशाहून किन्वा या परदेशी धान्याची ही पुडी आणली होती. पहिल्या दिवशी पल्लवीने तांदळासारखा वरवर धुऊन शिजवला, तर कडूजार. मग ती फेस जाईपर्यंत चोळून धुऊ लागली. कडूपणा गेला, तरी सत्यवती दोन घास खाऊन वाडगा सारायची.

तिचं खरं दुखणं निराळंच होतं. घराच्या कडेला चिऱ्यांचा गडगा. अलीकडे सत्यवती, पलीकडे शांता. लग्न होऊन हळर्णात आल्यापासून दोघी सकाळची पेज त्या गडग्यावर वाडगा टेकवून जेवत आलेल्या. शांताच्या खारातली तोर, म्हणजे कोवळी कैरी, इकडे, सत्यवतीची सुक्या सुंगटांची, कोळंबीची, किसमूर तिकडे, आणि गावभरच्या बातम्या दोघींकडे. पेज बंद झाली तशी सत्यवती गडग्याकडे फिरकलीच नाही. रिकाम्या हाताने जायचं, तर साखरेचं सांगावं लागणार, आणि दुखणेकऱ्यांच्या नकला करण्यात तर या दोघींचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण शांतानेही हाक मारू नये? हे मात्र तिला फार लागलं होतं.

"रुसली आसतली. रुसांदे मेली," असं म्हणून ती गडग्याकडे पाठ करून बसायची, आणि जेवण जायचं नाही.

आज पल्लवीने किन्वा भरपूर पाण्यात पेजेसारखा पातळ केला होता. तिने वर तोरीची फोड ठेवली.

"जावा गडग्यावर. शेपट्या दिसत नाहीत आता."

सत्यवती कां-कूं करीत उठली. हात आडवा धरून तिने वाडगा नेला.

"शांता गो!"

शांता आली. तिच्याही हातात वाडगा होता, वर झाकण.

"बरी आसस?"

"आसंय. तू?"

सत्यवतीने चमचा बुडवला आणि तोर बाजूला घसरली. शांताची नजर थेट वाडग्यात. सत्यवतीचे कान तापले.

"नव्या तांदळाची पेज," ती म्हणाली.

शांताने सावकाश आपलं झाकण काढलं. आत घट्ट गोळा, आणि गोळ्यातून शेपट्याच शेपट्या.

"मगे ही माझी खंयच्या तांदळाची, ती सांग!"

दोघी अशा हसल्या की गडग्यावरचा कावळा उडाला.

"तुका साखर कधी गावली?"

"झाले थोडे दिस. सांगूचा कसा? तू गावभर केला असतंस."

"केला असतंय," सत्यवतीने कबूल केलं.

"पण कडू जहर गो ह्या. नाक धरून गिळतंय."

सत्यवती एकदम ताठ झाली.

"तांदळासारखो धुतंस? अगे, फेस जायसर चोळूचो लागता!" तिने आपला वाडगा पलीकडे सरकवला. "खाऊन बघ. आमच्या पल्लवीन केल्यान." मग मागे वळून ओरडली, "पल्लवी, आणखी एक वाडगो हाड गो!"

हाक पुरी व्हायच्या आत पल्लवी समोर. हातात भरलेला वाडगा, वर तोर.

"इतक्यात कसो भरलंस?"

शांताच्या अंगणातल्या दोरीकडे पल्लवीने हळूच पाहिलं. तिथे कपड्यांच्या शेजारी, धुऊन चिमट्याला लावलेली किन्वाची रिकामी पुडी वाऱ्यावर हलत होती.

सत्यवतीने पुडीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आणि माका सांगूक नाय तां!" ती म्हणाली, आणि सुनेसाठी गडग्यावर जागा करीत थोडी बाजूला सरकली. "जा, तुझोय वाडगो घेऊन ये."