भैय्याजींच्या मोटारीचं ठिगळ

छिन्नीचा पहिला घाव बसला आणि मोटारीच्या दरवाज्यातून भसकन ओली रेती खाली आली. शकुबाईनं ती मुठीत घेतली, मोरेश्वर ड्रायव्हरच्या नाकापुढं धरली.

"बैल धुता का मोटार धुता रे तुमी?"

मोरेश्वर मान खाली घालून हसला. त्याच्या मालकांनी, भैय्याजींनी, बैलजोडी विकून ही जुनी मोटार नागपूरहून आणली, पण पोळा काही सुटेना. म्हणून दर पोळ्याला मोटार गावच्या जाम नावाच्या नदीत घालायची, दरवाज्यांना पाणी लागेपर्यंत. घासायची, अंगावर झूल टाकायची आणि बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी करायची. लोक हसायचे. भैय्याजीही हसायचे. नदी मात्र दरवेळी थोडी दरवाज्यांच्या पोटात राहून जायची. बाहेरून काळा चकचकीत रंग, आतून ओल. खालचा पत्रा पापडासारखा झाला होता. बोट टेकलं की भोक.

शकुबाई पत्र्याचं काम करायची. नवरा, गुणवंता, वारला तेव्हा त्याची ऐरण भंगारात काढा असं चार शहाण्यांनी सांगितलं. ही दुसऱ्याच दिवशी ऐरणीपुढं मांडी घालून बसली. बाईमाणसानं घण धरू नये, असं गाव म्हणालं आणि गळक्या बादल्या घेऊन तिच्याकडंच आलं. टपरी पांढुर्ण्यात भैय्याजींच्या कापसाच्या जिनाला लागून होती. टपरी तिची, जागा त्यांची. सगळी गोम तिथंच होती.

साल छप्पन. दिवाळी तोंडावर. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं. आम्ही होतो तिथंच, मध्य प्रदेशात, राहिलो, फक्त आमची राजधानी उठून भोपाळला गेली. लेकी नागपुरात दिलेल्या, संत्री नागपुरात विकलेली, आणि सरकार कुठल्या कुठं. नोव्हेंबरच्या एक तारखेला नव्या राज्याचे कोणी साहेब येणार होते. स्टेशनापासून मिरवणूक, आणि मोटार भैय्याजींची.

भैय्याजी कामाची पाहणी करायला आले. भोकांत पोतं कोंब, वरून लांबीचा लगदा भर, रंग मार, झालं, असं त्यांचं म्हणणं. एका दिवसाचा तर प्रश्न.

"सडलं थे कापाच लागते, भैय्याजी," शकुबाई म्हणाली. "नाई तं साहेब उतरतीन अन् दरवाजा त्यायच्या हातात येईन."

ते हसले. कटकट नको म्हणून म्हणाले, "बरं, काप. पत्रा आवारात पडला हाय, कोनताबी घे. पर मले मोटार टायमावर पायजे."

आवारात पत्रा एकच होता. सार्वजनिक मराठी वाचनालयाचा बोर्ड.

वाचनालयाचे अध्यक्ष भैय्याजीच. साहेबांची मिरवणूक त्याच रस्त्यानं जाणार म्हणून त्यांनी तो बोर्ड उतरवून नवा हिंदी टांगला होता. वरून हुकूम आलेला नव्हता. हुकूम यायच्या आधीच वाकणारी माणसं असतात, भैय्याजी त्यातले.

शकुबाईनं बोर्डाची दुमडलेली कड अंगठ्यानं चाचपली. ही कड गुणवंतानं मारलेली होती. अक्षरंही त्यानंच काढली होती, तेलाच्या रंगाचे थरावर थर देऊन, पावसात उतरू नयेत म्हणून. ती दुसरीपर्यंत शिकलेली. जे वाचायचं ते याच भाषेत.

तिनं कातर लावली.

मोटार तयार झाली ती मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी. ठिगळं चोख बसली होती, रिबिटा एका ओळीत. भैय्याजी उजव्या दरवाज्यापाशी आले आणि थांबले. दरवाज्याच्या खालच्या अंगाला पांढऱ्यावर लाल ठसठशीत लिहिलं होतं, 'मराठी'.

"हे काय करून ठेवलं तू?"

"ठिगळ लावलं."

"पालथं लावता येत नव्हतं?"

"येत होतं."

मोरेश्वरनं उगीचच टायर पाहायला सुरुवात केली. भैय्याजींचा आवाज खाली आला. रागावले की तो खालीच यायचा. त्यांनी काळ्या रंगाचा डबा पायानं तिच्याकडं सरकवला आणि आत्ताच्या आत्ता यावर हात मार, नाहीतर उद्या ही टपरी इथं दिसायची नाही, असं सांगितलं.

शकुबाई उठली. डबा उचलला, मोरेश्वरच्या हातात दिला.

"दरवाजा पक्का हाय, भैय्याजी, तुमची मोटार खपन पर हे ठिगळ खपनार नाई. झाकाचं काम माह्यं नाई. थे तुमी करा."

मग ती आत गेली आणि टपरीचे टिन सोडवू लागली. घोटभर पाणी प्यायलाही थांबली नाही. तिचं माहेर नदीपलीकडं, सावरगावचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जिथं दोन गावं रिवाज म्हणून एकमेकांना दगड मारतात, त्याच पात्रातून ती ऐरण डोक्यावर घेऊन निघाली. पाणी घोट्याएवढं. कोणी हात लावू का विचारलं, तर म्हणाली, दगड मारत नाई ना, मंग बाजूनं चाला. टिन, भाता, घण, एकेक करून तिनं सगळं पलीकडं नेलं. पांढुर्ण्यात रडायला ती थांबली नाही. तिकडं जाऊन रडली असेल तर मला ठाऊक नाही.

एक तारखेला मिरवणूक निघाली, हार पडले, भाषण सुरू झालं. भोंग्यातून ते नदीपार ऐकू येत होतं. आणि पलीकडून, चिंचेखालून, घणाचा ठोका इकडं ऐकू येत होता. भाषणात मध्येच, अगदी नको तिथं.

भैय्याजींनी मोरेश्वरला पिटाळलं, तिला म्हणावं थोडा वेळ थांब. त्यानं मोटार काठावरच उभी केली, पाण्यात घातली नाही. चपला हातात घेऊन पलीकडं गेला. शकुबाई एका मोठ्या पत्र्याची कड दुमडत होती. पत्रा एका हातानं आवरत नव्हता. ती वर न पाहता म्हणाली, "काय निरोप हाय?"

मोरेश्वरनं मागं वळून पाहिलं. मोटारीवर तिरपं ऊन आलं होतं. त्यानं स्वतःच मारलेल्या काळ्या रंगाखालून गुणवंताच्या अक्षरांचे थर वर उठले होते. इथूनही वाचता येत होतं.

त्यानं चपला खाली ठेवल्या आणि पत्र्याचं दुसरं टोक धरलं.