डोंग्याचा सांधा

तुलारामनं डोंगा कलता धरला, आणि देशकर सरांनी त्याच्या सांध्यावर केसाहून बारीक काचेचा धागा चिकटवला.

सर नागपूरच्या कॉलेजातले. धाग्यातून उजेड जायचा. सांध्याच्या पलीकडे धरलेल्या ठोकळीतून कानाला न कळणारा आवाज सुटायचा. सांधा पक्का असला की आवाज पार व्हायचा, धाग्यातला उजेड थरथरायचा आणि यंत्राच्या काचेवर रेघ उसळायची. नसला की रेघ निपचित. तिथं सर खडूनं गोल काढायचे.

तुलाराम ती निपचित रेघ बघत होता. आपल्या आतही असंच झालंय, असं त्याला वाटलं. त्याचंही काही वाईट वाटलं नाही.

लाखनीच्या हायवेवरच्या या शेडमध्ये मासेमारीचे फायबरचे डोंगे त्याच्याच हातचे. हा तर घरचा, मुलासाठी, इश्वरसाठी केलेला. पावसाळा सरताना भर तलावात तो टोकाशी उकलला. इश्वर पट्टीचा पोहणारा. पण पायात जाळं गुंतलं. शेडचे मालक भोजराज म्हणत, चिकटवायचं रेझिन वाईट आलं. रेझिनवाला म्हणे, कारागिराचा हात वाईट. चूक ठरवायची म्हणून हे यंत्र.

"म्या नाणं ठोकून पाह्यलं होतं, सर," भोजराज म्हणाले. "कुठीच पोकळ वाजलं नाई."

"कसं वाजेल? दोन्ही कडा एकमेकींना घट्ट टेकल्यात, फक्त चिकटल्या नाहीत."

चार गोल झाले. एकेक तळव्याएवढा, सारख्या अंतरावर. पाचवा काढायचा म्हटला असता तर तो नेमका उकललेल्या टोकात पडला असता.

तुलारामचा हात डोंग्यावरून घसरला.

डोंग्याच्या दोन फाका मिटण्याआधी घरच्या बाईनं आत तेल-हळदीचे पाच पंजे उमटवायचे, ही लाकडी डोंग्यांपासूनची रीत. त्याच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, ते सांध्याच्या पट्टीवरच उमटवले. चिकटवण्याआधी पट्टी औषधानं पुसून घ्यायची, हे तुलारामला पाठ होतं. त्यानं सगळी पट्टी पुसली, पंजे तेवढे सोडून. हळद कोणी पुसतं का!

"इथं तेलबिल लागलं होतं?" सरांनी विचारलं.

दारात निर्मलाबाई डबा घेऊन उभी होती. कधी आली, कोण जाणे. हिला कळता कामा नये, असं तुलारामच्या मनात आलं. इश्वर गेल्यापासून त्याच्या आत काही हललं, ते हे पहिलंच.

"माह्याच हाताले असंन, सर. तेलाच्याच हातानं धरलं असंन म्या. पुसाचं राह्यलं."

भोजराज त्याच्याकडे बघत राहिले. सरांना घेऊन ते चहाला गेले. काम गेलं, हे तुलारामला सांगावं लागलं नाही.

निर्मलाबाईनं डबा खाली ठेवला. डोंग्यापाशी आली. पहिल्या गोलावर तिनं तळवा टेकवला. बरोबर बसला.

"चाल, जेवून घेऊ," तुलाराम घाईनं म्हणाला.

ती दुसऱ्या गोलाशी गेली, मग तिसऱ्या, मग चौथ्या. शेवटी उकललेल्या टोकाशी थांबली.

"पाचवा इथी होता," ती म्हणाली. "माहा हात पुरून नव्हता राह्यला. इश्वरनंच मनगट धरून लावला."

तिचा आवाज सपाट होता, डोळे कोरडे. हात तसाच पुढे धरलेला.

हायवेवरून एक ट्रक गेला. तुलारामनं कमरेचा फडका काढला आणि तिच्या तळव्याला लागलेला खडू पुसायला घेतला.