धुतलेल्या छत्र्या

छत्रीवाल्याची अक्कल त्या दिवशी चरायला गेली होती, असं म्हणायला त्याची बायको आज मोकळी आहे. पण धुवायची कल्पना तिचीच, हे मी सांगून ठेवतो.

जहाजातून आलेला कंटेनर उघडला, तर छताला मुठीएवढं भोक, आत घोट्यापर्यंत पाणी आणि चाळीस खोकी छत्र्या चिंब. ओली छत्री मिटलेली दिसली की त्या घरात कुणाला चैन पडत नाही. खारं पाणी काड्या खातं, म्हणून नवरा, बायको आणि मेहुणा पाइप घेऊन दोन दिवस राबले. दोन हजार छत्र्या अंगणात उघडल्या, तेव्हा वरून जाणारे कावळे थव्यात सामील व्हायला खाली उतरले. कंटेनरसुद्धा पुसूनच परत धाडला.

मग भरपाईच्या तक्रारीवर जहाज कंपनीचा फोन आला. "तपासनीस येतोय. तोवर मालाला हात लावू नका."

छत्रीवाल्याचा वर्षभराचा माल हाच, आणि धुऊनही काड्या गंजलेल्याच. समुद्राचं पाणी वाटेत आत शिरलं असं ठरलं तरच कंपनी भरपाई देणार. नाहीतर दुकानाला कुलूप.

तपासनीस एक चिमुकली बाटली घेऊन आला. "छत्री भिजली म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच हो," तो म्हणाला. "मीठ असेल तर थेंब दुधासारखा होईल."

पहिल्या छत्रीवर थेंब पडला. दुधाचं नाव नाही. दुसरी, पाचवी, विसावी, तेच. छत्रीवाल्याच्या तळहातांना मात्र एवढा घाम सुटला, की थेंब तिथे टाकला असता तर दही लागलं असतं.

"हे तर नळाचं पाणी," तपासनिसाने पेनाचं टोपण काढलं. "कंपनीचा काय दोष?"

"अहो, आम्हीच धुतल्या!"

"लिहू तसं?"

छत्रीवाला मेहुण्याकडे वळला. "तू तरी बोल!"

मेहुण्याचे कान लाल झाले. "दाजी... ताईला सांगू नका."

"ती तुझ्या मागेच उभी आहे."

"कुंपणाजवळची दहा खोकी माझ्या वाटची ना? त्यातल्या छत्र्या मी नुसत्या उघडल्या. पाइप झाडांवर सोडून झोपलो."

"आणि पाठ धरली म्हणून माझ्याकडून चोळून घेतलीस, मेल्या!" ताई कडाडली.

छत्रीवाला तोवर तपासनिसाला घेऊन कुंपणाशी पोचला होता. थेंब पडला. हळूहळू काळ्या कापडावर पांढरी साय धरली. दुसरीवर, तिसरीवरही.

तपासनिसाने लिहिलं. "दहा खोकी समुद्राच्या पाण्याने खराब. उरलेल्या तिसांबद्दल कंपनी भांडणार, बघा."

छत्रीवाला मेहुण्यासमोर येऊन उभा राहिला. मेहुण्याने डोकं वाचवायला हात वर केले.

"गाढवा," छत्रीवाल्याचा आवाज रडवेला झाला, "एवढीशी झोप काढलीस? तिघांच्या वाटचं झोपला असतास तर?"