दहा ते सहाची हवा

रोज सकाळी सात चाळीसला भिंतीपलीकडच्या कारखान्यात पाळी बदलायची. जाणारी पाळी जाता जाता धुराड्याची झडप उघडायची आणि रात्रभर साठलेली काजळी झोताने बाहेर फुंकून द्यायची. आठ मिनिटांचं काम. आणि त्याच आठ मिनिटांत अलीकडच्या मैदानात शाळेचा परिपाठ चालू असायचा. ओठ जेमतेम किलकिले ठेवून प्रार्थना म्हणायची कला तिथल्या पोरांना पहिलीतच अवगत होत असे.

तिसरीच्या बाईंचा जीव मात्र एकीत अडकला होता. पहिल्या ओळीतली पिटुकली. प्रार्थना संपेपर्यंत तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागायची आणि दम्याचा पंप तोंडाला लावल्याशिवाय तिला वर्गापर्यंत चालवायचं नाही. बाईंनी तीन अर्ज केले. चौथ्यानंतर हवा मोजणारा सरकारी माणूस आला.

आला तो दहा वाजता. गच्चीवर यंत्र मांडलं, खुर्ची टाकली, वर्तमानपत्र उघडलं. सहाला यंत्र आवरून गेला. तीन दिवस हेच.

"एकदा सातला या की," बाई म्हणाल्या.

"आमची ड्यूटी दहाला सुरू होते, बाई."

"हे हवेला कळवलंय का कुणी?"

तो दिलखुलास हसला. "नियमात आठ तास मोजा असं आहे. कुठले आठ, ते नाही लिहिलेलं."

माणूस वाईट नव्हता. नियमात लिहिलं असतं तर त्याने रात्री बारालाही मोजली असती. लिहिलं नव्हतं, म्हणून त्याच्या डोक्यालाही ताप नव्हता.

आठवड्याने अहवाल आला. हवा समाधानकारक. खाली दोन सह्यांची जागा. मुख्याध्यापकांनी आपली सही ठोकून टाकली होती, चांगली ऐसपैस. दुसरी वर्गशिक्षकांची. ती झाली की पुढची दोन वर्षं कुणी फिरकणार नव्हतं.

"करून टाका हो," मुख्याध्यापक म्हणाले. "कारखान्याने बाकं दिली, पंखे दिले. आता शाळेला स्वच्छ हवेचं प्रमाणपत्र द्यायला खुद्द तिथले मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर शोभा नको."

"तुम्ही परिपाठाला कधी उभे राहिलात, सर?"

"मला यायला सव्वाआठ होतात, तुम्हाला माहीत आहे. आणि धूर काय, सगळीकडेच असतो."

बाईंनी एकतीस वर्षं सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवलं होतं. एखाद्याला हातचा घ्यायचा कळत नसेल तर ओरडून उपयोग नसतो, त्याच्या हातात खडे द्यावे लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"करते सही," त्या म्हणाल्या. "पण कार्यक्रमानंतर, साहेबांच्या देखत. आणि कार्यक्रम परिपाठालाच ठेवा. सगळी मुलं ओळीत असतात. कोवळ्या उन्हात फोटो काय सुंदर येतात!"

फोटो म्हटलं की मुख्याध्यापकांना बाकीचं ऐकू येत नसे. "वा! साडेसातला ठेवू. मीही लवकर येतो."

ठरल्या दिवशी मोठे साहेब आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, चेहऱ्यावर उपकाराचं हसू. आपल्या कारखान्यात ते साडेदहाच्या आत कधी पाऊल टाकत नसत. सात चाळीसला तिथे काय होतं, हे त्यांना पिटुकलीइतकंही माहीत नव्हतं. पिटुकलीला बाईंनी त्या दिवशी आतच बसवलं होतं, खिडकीपाशी, पंप हातात देऊन.

साहेब भाषणाला उभे राहिले. "मुलांनो, शुद्ध हवा हा प्रत्येक बालकाचा..."

भिंतीपलीकडे फुस्स झालं.

काळा पडदा भिंतीवरून उतरला तसा साहेबांचा 'बालकाचा' घशातच अडकला. ते खोकले, पुन्हा खोकले, डोळे चोळू लागले. चोळल्याने काजळी गालभर झाली. पांढऱ्या शर्टावर तर कुणी मिरी दळल्यासारखं दिसत होतं. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र नाकावर धरलं. त्या कागदाचा तेवढा तरी उपयोग झाला.

पोरं हलली नाहीत. ओठ मिटून ओळीत उभी राहिली. त्यांना कुणी विश्राम म्हटलं नव्हतं.

"हे... हे कोणी उघडलं?" साहेब रुमालाआडून ओरडले.

"माझ्या बाबांनी!" दुसऱ्या ओळीतला एक पोरगा अभिमानाने म्हणाला. "रोज वेळेवर उघडतात. एक मिनिट इकडेतिकडे नाही!"

"गाडी! गाडी आणा!"

"साहेब, आठच मिनिटांचा प्रश्न आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "ही मुलं रोज काढतात. तुम्हीही काढाल."

साहेबांनी चार काढली. गाडीत बसले, काचा वर केल्या आणि गेले. फोटोवाला त्यांच्या आधीच फाटकाबाहेर पोचला होता.

आठ मिनिटं भरली, झोत थांबला, तेव्हा बाईंनी मुलांना वर्गात पिटाळलं. मुख्याध्यापक तोंड धुऊन आले तेव्हा त्या कार्यालयात अहवाल पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"आता कसली सही!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "राहू द्या."

"असं कसं? शब्द दिलाय मी."

अहवालात शेऱ्याची जागा होती. इतकी वर्षं तिथे कुणी टिंबसुद्धा टेकवलं नव्हतं. फळ्यावर लिहावं तशा गोल, सुट्या अक्षरांत बाईंनी लिहिलं: 'मोजणी दहा ते सहा. काजळी सोडण्याची वेळ सात चाळीस ते सात अठ्ठेचाळीस. आज प्रमुख पाहुणे सात चव्वेचाळीसला निघून गेले. मुलं सात अठ्ठेचाळीसपर्यंत उभी होती.'

"हे वर पाठवायचं?" मुख्याध्यापकांचा आवाज आणखी बसला. "त्यावर तुमच्याआधी माझी सही आहे, बाई!"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "चांगली ठळक आहे."

आणि त्यांनी खाली आपली सही केली.