प्रांजलच्या खाजेचे मार्क

डॉ. वसुधानं कागद पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. गेल्या आठवड्यात खाज आली? अजिबात नाही. रक्त आलं? अजिबात नाही. झोपमोड झाली? अजिबात नाही. आणि समोरच्या स्टुलावर सहा वर्षांची प्रांजल कोपराची खोबण अशी खाजवत होती, जणू आत काहीतरी हरवलंय.

मुलुंडच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात एक्झिमाच्या मुलांसाठी नवं औषध आलं होतं, तेही फुकट. पण नुसतं डॉक्टरनं तपासून भागायचं नाही. घरच्यांनी भरलेल्या कागदावरही त्रास जास्त दिसायला हवा. ओपीडीत आपल्याला कातडी पाच मिनिटं दिसते, रात्र आईलाच दिसते, असं मीटिंगमध्ये वसुधानंच ठणकावून सांगितलं होतं. घ्या आता!

"अहो प्रांजलची आई, हे काय भरलंय?"

"बरोबर आहे ना मॅडम?" चेतना हसली. "सगळं चांगलं दिलंय."

"चांगलं कसलं? गुडघ्यामागे बघा हिच्या. सोललंय नुसतं!"

"ते आहेच हो. पण तुम्ही एवढं करता आमच्यासाठी. कशाला तुमचे मार्क कापायचे?"

"माझे मार्क?"

"मग काय! आमच्याकडे पण हेच ना. भांडुपला चपलांच्या दुकानात काउंटरला आहे मी. गिऱ्हाईक जाताना मोबाइलवर स्टार देतं. एकानं जरी कमी दिला की मॅनेजर सगळ्यांसमोर उभं करतो. पाय त्याचा वाकडा, चप्पल त्याला चावते आणि ओरडा मला."

"अहो, हे तसलं नाही. हे माझं नाही, हिचं आहे. तुम्ही असं छान छान लिहिलंत तर औषधच मिळायचं नाही हिला!"

चेतनाचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलंच नाही हो. कागद दिला नि म्हणाले, भरा पटकन."

तेही खरंच. बाहेरची गर्दी बघता सांगायला वेळ होता कुणाला? वसुधानं चरफडत कोरा कागद पुढे केला. "आता खरं लिहा."

"झोपमोड..." चेतनाचं पेन अडलं.

"रोज," प्रांजल म्हणाली. "आई माझे हात धरून बसते. मग दुकानात झोपते."

"गप गं! डुलकी लागते कधीतरी." पेन 'रोज'वर टेकलं, पण खूण होईना. "मॅडम, नक्की ना? तुमची वाट नाही ना लागणार?"

"नाही हो. लिहा."

विभागप्रमुख डॉ. चंद्रप्रकाशांनी तो कागद पाहिला आणि मंजुरीवर सही केली. वसुधाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. एकेका डॉक्टरचं नाव, पुढे घरच्यांच्या कागदांवरून काढलेली त्याच्या पेशंटांच्या त्रासाची सरासरी.

"तुझी मुलं काही सुधारत नाहीत गं. देवव्रतची बघ, कशी झकास."

"सर, देवव्रतच्या खोलीत मुलांच्या आया खरं लिहायला घाबरतात."

"आकड्यांना ते कळत नाही, वसुधा. वरून मला विचारतात."

"मग आम्हालाही स्टारच द्या ना, सर!"

त्यांनी पुढची फाइल उघडली. वसुधा बाहेर आली, तर चेतना लेकीचा हात धरून दाराशीच उभी.

"मिळालं?"

"मिळालं."

"आणि तुम्हाला ओरडले का हो?"

"अजिबात नाही."

चेतनानं तिच्याकडे एकदा नीट बघितलं. मग पिशवीतून बाटली काढून पुढे केली.

"पाणी प्या मॅडम."